बंद झालेली नक्षी

चिनी मातीच्या भांड्यांवरची एखादी नक्षी बंद होते, तेव्हा ती कुणाला कळवून बंद होत नाही. कारखान्याच्या यादीतून एक क्रमांक गळतो, दुकानदार उरलासुरला माल सवलतीत काढून टाकतो आणि ज्यांच्या कपाटात तो सेट असतो त्यांना या घडामोडीचा पत्ता कित्येक वर्षांनी, कप फुटल्यावर लागतो. नवा कप आणायला गेलेल्या माणसाला दुकानदार शांतपणे सांगतो की हे डिझाइन आता येत नाही, आणि कालपर्यंत जी वस्तू चार पैसे टाकले की मिळेल असे आपण धरून चाललो होतो, ती एकाएकी दुर्मीळ होऊन बसते.

मी गेली काही वर्षे अशाच एका बंद झालेल्या नक्षीच्या मागावर आहे. सेट मूळचा माझ्या आत्याचा. तिचे यजमान मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते आणि १९६० च्या दशकात कोबे बंदरातून त्यांनी तो दादरच्या घरी आणला. बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरी जपानी कपबश्या असणे हे त्या काळी नवल नव्हते. सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या ट्रंकेत ट्रान्झिस्टर, नायलॉनच्या साड्या आणि कागदात गुंडाळलेली चिनी मातीची भांडी ठरलेली असत. आत्याकडे आला तो मात्र सहा कपांचा चहाचा सेट नव्हता, बारा माणसांचा पूर्ण डिनर सेट होता. दादरच्या दोन खोल्यांत बारा माणसे टेबलाशी जेवायला बसण्याची शक्यताच नव्हती, त्यामुळे त्यातल्या निम्म्याहून अधिक भांड्यांना जन्मभर काम लागले नाही. काम लागले ते कपांना. घरातल्या मुलींना पाहायला येणारी मंडळी, काकांच्या कंपनीतले साहेब, दिवाळीच्या फराळाला येणारे व्याही या सर्वांचा चहा त्या कपांतून गेला, आणि एकेक कप कधी मोरीत, कधी पाहुण्यांच्या लहान मुलाच्या हातून, कधी नुसता कढत चहा ओतल्यावर तडकून नाहीसा झाला. पुढे ती इमारत पुनर्विकासाला गेली, सामानाच्या वाटण्या झाल्या, आणि एवढी भांडी ठेवायला जागा असलेले घर नात्यात माझेच असल्यामुळे सेट माझ्याकडे, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरी गावी आला. ताटल्या बाराच्या बारा, बश्या बारा, झाकणाचे दोन वाडगे, एक ग्रेव्ही बोट, म्हणजे रस्सा ओतायचे चोचीचे, होडीच्या आकाराचे भांडे, आणि कप सात.

हे प्रमाण माझ्या एकटीच्या सेटचे नाही. कपाला कान असतो, कान कशात तरी अडकतो, कप रोज हातात येतो आणि बशी मुकाट खाली राहते. त्यामुळे जुन्या घरांत कपांपेक्षा बश्या नेहमीच जास्त उरतात आणि जुन्या भांड्यांच्या बाजारातही बश्या स्वस्त व कप महाग असतात. आपल्याकडे बशीत चहा ओतून पिण्याची पद्धत असल्यामुळे बश्यांचीही पुष्कळ पडझड होत असे, हा भाग वेगळा. आत्याच्या घरी या कपांच्या बाबतीत तसे करायला सक्त मनाई होती.

शोध सुरू करायचा तो भांडे पालथे करून. आमच्या कपाच्या बुडाला पानांचे एक वर्तुळ आहे, त्यात इंग्रजी ‘एन’ हे अक्षर आहे, खाली ‘नोरिटाके’, ‘चायना’ आणि ‘जपान’ हे शब्द आहेत आणि त्यांच्याखाली चार आकडी क्रमांक आहे. नक्षीला नाव नाही. एवढ्या मजकुरावरून जाणकार बरेच काही सांगतो. नोरिटाके हे नागोया शहराजवळच्या एका गावाचे नाव. १९०४ मध्ये मोरिमुरा घराण्याच्या व्यापारी मंडळींनी तिथे कारखाना काढला तो थेट अमेरिकेच्या बाजारावर डोळा ठेवून. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ भांड्यांवर पानांच्या त्याच वर्तुळात मोरिमुरांचा ‘एम’ असे, तो जाऊन ‘एन’ आला तो १९५० च्या दशकात. त्याआधीच्या मालावर देशाचे नाव कोणत्या शब्दाने लिहिले आहे यावरूनही काळ ठरतो, कारण १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर उत्पादनाचा देश लिहिणे कायद्याने बंधनकारक झाले, सुरुवातीला ‘निप्पॉन’ हे जपानचे जपानी नाव चालत असे, आणि १९२१ मध्ये अमेरिकी जकात खात्याने तो अमान्य करून ‘जपान’ असेच लिहायला लावले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ ‘व्याप्त जपान’, म्हणजे परकी सैन्याच्या ताब्यातला जपान, असा शिक्का होता. खुद्द नोरिटाकेने १९४६ ते १९४८ या काळात आपले नाव भांड्यांवर घातलेच नाही. युद्धानंतरच्या मातीतून आणि माणसांतून पूर्वीचा दर्जा निघत नव्हता म्हणून त्या मालावर ‘रोझ चायना’ असे लिहिले. आपल्या मालाला आपलेच नाव द्यायला नकार देणारा कारखानदार मला तरी दुसरा आठवत नाही.

या कारखान्याला सपाट मोठी ताटली जमायला दहा वर्षे लागली, हे कळल्यापासून मी आमच्या ताटल्यांकडे वेगळ्या नजरेने पाहते. कप, फुलदाण्या, वाडगे ही उभी भांडी जपानी कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या येत होती, पण पाश्चात्त्य जेवणाची २५ सेंटिमीटरची ताटली भट्टीत मधोमध खचे किंवा कडेला वाकडी होई. अखेर १९१४ मध्ये ‘सेदान’ नावाचा पहिला पूर्ण डिनर सेट बाहेर पडला. त्यानंतर नोरिटाकेच्या ज्या नक्षीने अमेरिका जिंकली ती ‘अझेलिया’, म्हणजे गुलाबी फुलांची, हाताने रंगवलेली, १९३२२ क्रमांकाची नक्षी. ती दुकानांतून फार विकली गेली नाही. बफेलो शहरातल्या लार्किन या साबणाच्या कंपनीने ती आपल्या गिऱ्हाइकांना खरेदीवरची भेट म्हणून दिली. साबण घेत राहायचे, एकेक नग जमवत राहायचा. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतल्या साध्या घरांत जपानी डिनर सेट पोहोचले ते साबणाच्या मागून.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचे समजणार नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सेट हा एका खोक्यात घरी येण्याची वस्तू नव्हती. मुलगी लग्न ठरल्यावर दुकानात जाऊन आपली नक्षी निवडे, दुकान तिच्या नावाने यादी ठेवी आणि आप्तेष्ट त्या यादीतले एकेक नग आहेर म्हणून देत. शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाने १९२४ मध्ये ही यादीची पद्धत रूढ केली. एका माणसाचा वाटा म्हणजे मोठी ताटली, सॅलडची ताटली, पावाची छोटी ताटली, कप आणि बशी. राहिलेले नग नवराबायको पुढच्या वाढदिवसांना पुरे करत. नक्षी वीस-पंचवीस वर्षे चालू राहील हे सगळ्यांनीच गृहीत धरलेले असे आणि म्हणूनच ती बंद झाली की घराघरांतून अर्धवट सेट उरत. आपल्याकडे आहेराच्या स्टीलच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून घेतात, पण ते भांडे कोणत्या कारखान्याचे याची कुणाला फिकीर नसते. तिकडे बरोबर उलटे. बुडाला कारखान्याचा अख्खा इतिहास, पण कोणत्या मावशीने दिले याचा मागमूस नाही.

फुटलेला कप पुन्हा करून का घेता येत नाही, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. करून घेता येतो, पण तो त्या सेटमधला कप होत नाही. चिनी माती भट्टीत साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी आकसते, म्हणून साचा कपापेक्षा तेवढा मोठा लागतो, आणि जुने साचे कारखाना केव्हाच मोडून टाकतो. आमच्या कपावरच्या राखाडी-निळ्या गवताच्या काड्या ब्रशने काढलेल्या वाटल्या तरी तो छापा आहे. भिंगातून पाहिले की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. तो छापा झिलईवर चिकटवून भांडे पुन्हा सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात, आणि काठावरची प्लॅटिनमची केसाएवढी रेघ फिरत्या चाकावर हाताने ओढतात. साचा, माती, झिलई, छापा आणि रेघ या पाचांपैकी एकही चुकले तर कप शेजारच्या कपाजवळ ठेवताक्षणी परका दिसतो. एका कपासाठी हा सगळा खटाटोप कोणताही कारखाना करणार नाही आणि हौशी कुंभाराने केला तर त्या किमतीत अख्खा नवा सेट येईल. म्हणून उपाय एकच उरतो: त्याच काळी, त्याच कारखान्यात भाजलेला आणि कुणाच्या तरी घरी न फुटता राहिलेला कप शोधणे.

कॅरीहून पश्चिमेला सव्वा तासाच्या अंतरावर, ग्रीन्सबरोच्या अलीकडे मॅक्लीन्सव्हिल नावाचे छोटे गाव आहे, आणि तिथे या कामाला वाहिलेले एक प्रचंड कोठार आहे. बॉब पेज हे नॉर्थ कॅरोलिना राज्य सरकारचे लेखापरीक्षक होते. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारांतून हिंडणे हा त्यांचा छंद. ओळखीपाळखीचे लोक त्यांना आपापल्या नक्ष्या सांगून ठेवत आणि ते त्या कार्डांवर लिहून, पाककृतींची कार्डे ठेवण्याच्या डबीत ठेवत. १९८१ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडून ‘रिप्लेसमेंट्स लिमिटेड’ सुरू केली. आज तिथे चार लाखांहून अधिक नक्ष्यांचे एक कोटीच्या वर नग आहेत आणि जागा सुमारे पाच लाख चौरस फुटांची आहे. हिशेबनीस माणसानेच हे काम करावे यात मला काही योगायोग वाटत नाही. भांड्यांची आवड असणारे पुष्कळ असतात. प्रत्येक नक्षीची, आकाराची, नगाची नोंद ठेवण्याची चिकाटी फार थोड्यांकडे असते, आणि या धंद्यात माल नोंदीवाचून निव्वळ अडगळ आहे. ज्या नक्षीला कारखान्याने नाव दिलेले नाही तिला इथे स्वतःचा सांकेतिक क्रमांक मिळतो. फ्रान्समधल्या लिमोजच्या हॅविलँड कारखान्याच्या भांड्यांबाबत हेच काम अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या आर्लीन श्लायगर या बाईंनी त्याआधीच करून ठेवले होते. त्यांनी शेकडो निनावी नक्ष्या एकेक करून नोंदल्या आणि आजही हॅविलँडची देवघेव ‘श्लायगर क्रमांक’ सांगून होते.

मॅक्लीन्सव्हिलच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा लक्ष वेधून घेतले ते कुत्र्यांनी. काचेच्या पेल्यांच्या उंच मांडण्यांमधून गिऱ्हाइके आपापले कुत्रे साखळीला धरून निवांत फिरत होती, कारण तिथे पाळीव प्राण्यांना खुशाल परवानगी आहे. काउंटरवरच्या बाईंनी मी नेलेला कप हातात घेतला आणि नक्षीकडे पाहिलेच नाही. त्यांनी आधी तो पालथा केला, क्रमांक वाचला, मग कानाचा वरचा जोड अंगठ्याने चाचपला, काठाचा व्यास मोजला आणि तेव्हा कुठे गवताच्या काड्यांकडे वळल्या. याचे कारण त्यांनी नंतर समजावून सांगितले. नक्षी आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; एकच छापा कारखाना दोन-तीन आकारांच्या कपांवर लावतो आणि फोटो पाहून मागवलेला कप हमखास दुसऱ्या आकाराचा निघतो. नक्षीचे नाव तर त्याहून बेभरवशाचे, कारण गुलाबाच्या नावाच्या नक्ष्या निदान पन्नास कारखान्यांनी काढल्या असतील. म्हणून भांड्याची चौकशी करताना बुडाच्या शिक्क्याचा फोटो, बाजूने घेतलेला कानाचा फोटो आणि इंचांतली मापे एवढे दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. आमचा क्रमांक त्यांच्या नोंदीत होता. ताटल्या होत्या, बश्या तर ढिगाने होत्या. कप त्या वेळी नव्हते. माझे नाव वाट पाहणाऱ्यांत लागले.

वाट पाहायची म्हणजे कशाची, हे मला पुढच्या वसंतात जवळच्या रॅली शहरातल्या एका घरी कळले. इथे घरातले वृद्ध गेले किंवा वृद्धाश्रमात राहायला गेले की घर उघडे टाकून आतले सगळे सामान किमतीच्या चिठ्ठ्या लावून विकायला काढतात. दोन-तीन दिवस लोक येऊन कपाटे उघडून पाहतात आणि शेवटच्या दिवशी सगळे निम्म्या किमतीत जाते. त्या घराच्या जेवणाच्या खोलीत चेन लावलेल्या, आतून गुबगुबीत अशा गोल पिशव्यांमध्ये एक सेट रचून ठेवला होता, आणि प्रत्येक दोन ताटल्यांच्या मध्ये नमद्याची एकेक चकती होती. झाकणाच्या मोठ्या वाडग्यात एक कार्ड सापडले. त्यावर बारीक, सुबक अक्षरात सेटमधल्या सर्व नगांची यादी होती, मिळालेल्या नगांपुढे खुणा होत्या आणि अगदी शेवटची ओळ, साखरेच्या भांड्याची, कोरी होती. नक्षी माझी नव्हती. पण ज्या व्यापाऱ्याने तो सेट उचलला त्याने माझ्या देखत ताटल्या एका खोक्यात, कप दुसऱ्या खोक्यात आणि वाडगे तिसऱ्या खोक्यात भरले, कारण अखंड सेटला आता गिऱ्हाईक नाही आणि सुट्या नगांना आहे. त्या बाईंनी साखरेच्या एका भांड्यावाचून आयुष्यभरात पुरा करत आणलेला सेट अर्ध्या तासात मोडला, आणि तो मोडला म्हणून ठिकठिकाणच्या घरांतले कितीतरी अर्धवट सेट पुरे होणार होते.

तेव्हापासून ‘सेट पुरा करणे’ या उद्योगाविषयी माझ्या मनातला गोडवा थोडा कमी झाला आहे. बंद झालेल्या नक्षीचे नवे नग जगात येत नाहीत. त्यांची संख्या फक्त घटत जाते. म्हणजे माझ्या कपाटातली रिकामी जागा भरायची तर दुसऱ्या कुणाच्या कपाटाचे दार कायमचे मिटावे लागते. मॅक्लीन्सव्हिलच्या त्या कोठारात रचलेला बहुतेक माल हा असा, बंद झालेल्या घरांतून आलेला आहे; थोडा कारखान्यांनी आणि दुकानांनी काढून टाकलेला. यात वाईट काही नाही, भांडी भंगारात जाण्यापेक्षा पुन्हा टेबलावर यावीत हे केव्हाही बरे. परंतु आपण हरवलेले परत मिळवतो आहोत असे म्हणवत नाही. आपण फक्त वाटणीत भाग घेतो.

काही नक्ष्या बंद न होताही हातच्या जातात. इंग्लंडातल्या रॉयल अल्बर्टची ‘ओल्ड कंट्री रोझेस’ ही गुलाबांची नक्षी १९६२ मध्ये आली, तिचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेले, आणि ती आजही मिळते. पण २००० नंतर तिचे उत्पादन इंडोनेशियात गेले, आणि आता जुन्या सेटचे मालक बुडाला इंग्लंडचा शिक्का असल्याशिवाय नग घेत नाहीत. छापा तोच, सोनेरी काठ तोच, तरी ते नव्या कपाला आपल्या पंक्तीत बसवून घेत नाहीत. हा हट्ट मला पटत नाही. उलट स्पोड या इंग्रजी कंपनीची ‘ब्लू इटालियन’ ही नक्षी १८१६ पासून निघते आहे, मधे २००८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी पोर्टमेरियन या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि ही नक्षी पुन्हा इंग्लंडातच, स्टोक-ऑन-ट्रेंट शहरात छापायला घेतली. अशा सेटच्या मालकाला शोधाचे दुःख ठाऊकच नाही. तो दुकानात जातो आणि ताटली आणतो.

भारतात हा शोध जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याचे कारण भांडी मिळत नाहीत हे नव्हे. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर, पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात चिनी मातीची भांडी पुष्कळ असतात. बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, हितकारी ही नावे पालथ्या कपांवर अजून भेटतात. पण नुसते कारखान्याचे नाव असते. नक्षीचे नाव किंवा क्रमांक बहुधा नसतो, आणि जिला नाव नाही ती वस्तू मागायची कशी? ‘निळ्या फुलांचा सेट होता, काठाला सोनेरी पट्टी’ एवढेच आपण सांगू शकतो, आणि तसे सेट शेकड्याने असतात. शिवाय आपल्याकडे चिनी मातीला लोणच्याची बरणी सोडली तर सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जागा नव्हती. ती पाहुण्यांपुरती आली, सहा कप सहा बश्यांच्या खोक्यात आली आणि मोडली की खोकेच नवे आले. पुढे ला ओपालासारख्या कंपन्यांची पांढरी, हलकी, काचेची भांडी आहेरात आली आणि जुन्या कपांविषयी हळहळणेही संपले.

मोडक्या सेटमधून उरलेल्या सुट्या कपाचे आपल्याकडे काय होई, हे मात्र सांगितलेच पाहिजे. तो टाकला जात नसे. कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला, जोडी नसलेला कप मोरीच्या खिडकीत वेगळा ठेवला जाई आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंना त्यात चहा दिला जाई. आत्याच्या घरीही हेच होते. ज्या बाई ते बारा कप धुऊन, पुसून कपाटात ठेवत त्यांना त्यातल्या धड कपात कुणी कधी चहा दिला नाही. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी बाहेर वेगळे कप ठेवण्याची, आणि ते त्यांचे त्यांनीच विसळून ठेवण्याची जी रीत होती, तीच रीत आमच्या सुशिक्षित मोरीत तुटक्या कपाच्या रूपाने नांदत होती, आणि काटकसर या नावाखाली ती कुणाला खटकत नव्हती. त्यामुळे एकसारखे कप का हवेत याचे माझे कारण नक्षीच्या प्रेमापेक्षा वेगळे आहे. माझ्याकडे बारा माणसे आली तर कुणाच्या हाती वेगळा कप जाईल, हे मला ठरवावे लागू नये.

कप मिळाले ते दोन ठिकाणांहून: तीन मॅक्लीन्सव्हिलहून, दोन इंग्लंडमधल्या केनिलवर्थच्या ‘चायनासर्च’ या अशाच दुकानाकडून. खोके उघडल्यावर मी आधी प्रत्येक कप बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारून पाहिला, आपण बाजारात माठ घेताना पाहतो तसा. धड कप खणखणीत वाजतो, आणि डोळ्यांना न दिसणारा तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग दिव्यासमोर धरून पलीकडे बोटांची सावली दिसते का ते पाहिले. पाचही कप धड होते. फक्त केनिलवर्थहून आलेल्या दोन कपांचा पांढरा रंग आमच्यापेक्षा किंचित पिवळसर आहे, भट्टीच्या वेगळ्या खेपेतला असणार, आणि त्यातल्या एकाच्या काठावरची प्लॅटिनमची रेघ ओठांच्या जागी झिजली आहे. कुणीतरी तो कप रोज त्याच हाताने उचलून वर्षानुवर्षे त्याच बाजूने प्यायले असणार. डिशवॉशरने रेघ अशी एका जागी झिजत नाही, सगळीकडून सारखी जाते. मी हे दोन कप वेगळे ठेवलेले नाहीत. बाराही कप एकात एक मिसळून मांडले आहेत आणि हाताला जो येईल तो येतो.

जुन्या भांड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी मी पाळते, ती इथेच सांगून टाकते. झिलईवर छापलेल्या जुन्या रंगांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. म्हणून लोणचे, सोलकढी, चिंचेची आमटी या गोष्टी आम्ही त्या ताटल्यांत वाढत नाही, आणि काठाला धातूची रेघ असल्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये तर त्या कधीच जात नाहीत, ठिणग्या उडतात. चहाला अडचण नाही असे मी मानते, पण तोही कपात तासन्‌तास राहू देत नाही.

मुलीला हा सेट पुढेमागे नको आहे, हे तिने मोकळेपणाने सांगून ठेवले आहे, आणि तिच्या पिढीत हे सार्वत्रिक आहे. म्हणूनच एकेकाळी महिन्याच्या पगाराइतकी किंमत असलेले सेट आज पोत्याने विकायला येतात आणि दुकाने बऱ्याच नक्ष्यांचा माल आता विकत घेत नाहीत. आमच्या ताटल्या परत विकायला काढल्या तर काय येईल याची मी चौकशी केली होती, तेव्हा मिळालेला आकडा त्या पाठवण्याच्या खर्चाइतकासुद्धा नव्हता. झाकणाच्या वाडग्यांना तेवढी मागणी आहे, ते मी एखाद्या अर्धवट सेटवाल्याला देऊन टाकीन. ग्रेव्ही बोट मात्र द्यायची नाही असे मुलीने बजावले आहे, कारण होळीला पुरणपोळीवर गुळवणी ओतायला तिच्याइतके सोयीचे भांडे आमच्या घरात दुसरे नाही.